आईच्या मते पाच

कामावर मी टॉवेल बघतो.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, चेकिंगला.
खाली ट्यूबलाइट, वर टेरीचा ताणलेला कपडा,
सुटलेला एक धागा मला हातभरावरून टोचतो.
अठरा वर्षं झाली.
त्यामुळं माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास,
जरा जास्तच.

पाडव्याच्या आदली अमावस्या.
मौलाली नदाफच्या रिक्षात मागच्या सीटवर
आठ इंची आरशाची दुर्बीण, चादरीत गुंडाळलेली,
चादरीवरचे मोर नळीभोवती वाकलेले,
आणि तिला तान्ह्या पोरागत धरून बसलेली
नरसव्वा, माझी आई.
मोतीबिंदू काढून तेरा दिवस झालेले.
घरी चिंच भिजत घालायची राहिली, हे तिनं
बार्शी रोडला लागेपर्यंत चारदा सांगितलं.

नान्नजच्या माळावर ज्वारी निघालेली.
सडाच्या टोकांना पाय सोलवटत
सपाट काळ्या खडकावर तिपाई लावली.
आरसा गार व्हायला तासभर.
तोवर आई खडकावर बसून
पान नसलेल्या बोटांनी विड्या वळत राहिली.
सवय.

सिंहाच्या कमरेपाशी
एक मसुराची डाळ.
म्हणजे तसा नुसता डाग, काचेवर फुंकर मारावी तेवढा.
भिंगाकार दीर्घिका म्हणतात तिला;
कुठल्याशा जुन्या भाषेत भिंगालाच
मसुरावरून नाव पडलं म्हणे.
आसपास तिची माणसं : मी मोजलेली मिळून चार.
तिला नाव नाही, क्रमांक आहे,
आमच्या बिल्ल्यांसारखा.

"तिच्यातला वायू संपलाय," मी सांगत होतो,
"नवे तारे होत नाहीत आता.
आहेत ते म्हातारे, पिवळट."
"बंद गिरणीत दिवे कोण लावतं मग?"
"कुणी नाही. जुनेच जळतात. सावकाश."
आई यावर काही बोलली नाही.
तिच्या बापाचा पंचा अजून आहे घरात,
त्याच्या काठावर गिरणीचा शिक्का,
गिरणी नाही.

साडेसहा कोटी वर्षांचा उजेड.
तो निघाला तेव्हा आम्ही बसलोय तो खडक
दगड नव्हता,
लाल होता, वाहत होता,
आणि सोलापूर असं म्हणायला
कुणाकडं तोंड नव्हतं.
हे मला सांगायचं होतं. तेलुगूत सांगता येईना,
मराठीत सांगितलं तर मौलालीच "आँ?" म्हणाला.

"सरळ बघू नको, आई. थोडं बाजूला बघ,
मग दिसतं."
"आमच्या ब्रँचातल्या चेकरकडं बघतो तसं होय!"
एवढं म्हणून तिनं
नव्या भिंगाचा डोळा लावला.
चाळीस वर्षं अंधारात हाताने पंचवीस मोजणारी बाई,
एकही कट्टा जिचा कमी भरला नाही,
तरी छाट म्हणून मूठभर विड्या रोज
ज्यांनी बाजूला काढल्या,
त्यांच्याकडं तिरकं बघत आलेली.

बराच वेळ.
दूर कुठंतरी टिटवी.

"ऐदु," ती म्हणाली.
"चार, आई."
"नालुगु कादु. ऐदु."
बोटाने हवेत दाखवलं :
मोठीच्या डावीकडं, खाली,
कट्ट्यातून निसटलेली एखादी असते ना,
तशी, लांब.

मी बघितलं.
सरळ, तिरकं, श्वास धरून,
डोक्यावर चादर घेऊन, मोरांच्या आत.
चार.
पुन्हा बघावं तर पूर्वेकडनं
पातळ ढग, ताकासारखा, सगळ्यावर पसरला.
नकाशा घरी राहिला होता.
नंतर उघडला असता. उघडला नाही.

वहीत तारीख, वेळ, हवा, आरसा.
दिसलेल्या दीर्घिका : चार.
पेन तिथंच थांबलं.
कारखान्यात अशा वेळी कपडा परत टेबलावर घेतात,
दुसऱ्या माणसाला बोलावतात.

रिक्षात ती झोपली, दुर्बिणीवर डोकं टेकून.
मी टॉर्च तोंडात धरून खाली लिहिलं :
आईच्या मते पाच.